प्रायोगिक रॉक ऐकताना कान कशावर ठेवावा?

प्रश्न : मखमलाबादकर

नमस्कार. मी नाशिकला मखमलाबाद रस्त्यावर राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करतो. कॉलेजपासून रॉक ऐकत आलो आहे. पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, डीप पर्पल आणि पुढे रेडिओहेड असा माझा नेहमीचा रस्ता. वडिलांमुळे शास्त्रीय संगीताचाही कान थोडाफार तयार झाला आहे, म्हणजे प्रत्येक राग ओळखता येतो असे नाही, पण सम कुठे आली ते कळते आणि गायक बेसूर झाला तर बोचते.

रेडिओहेडचा २००० सालचा 'किड ए' आवडल्यानंतर याहून वेगळे काय काय झाले आहे ते पाहावे, म्हणून इंटरनेटवरच्या याद्या चाळल्या. जवळजवळ प्रत्येक यादीत कॅप्टन बीफहार्टचा १९६९ सालचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' अग्रभागी होता, म्हणून तो लावला. गिटार एका बाजूला चालली आहे, ढोलके दुसऱ्या बाजूला, आणि गाणारा गृहस्थ दोघांकडेही लक्ष न देता ओरडतो आहे, असे मला वाटले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "मिक्सरमध्ये चमचा गेला का रे?" तिला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, कारण माझी शंका फारशी वेगळी नव्हती.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की हा गोंधळ ठरवून केलेला असतो की वादकांना येत नाही म्हणून झालेला असतो, आणि ठरवून केलेला असेल तर श्रोत्याने तो ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यायचे? कृपया पन्नास अल्बमांची यादी देऊ नये. तशा याद्या माझ्याकडे भरपूर आहेत. कान कसा लावावा, एवढेच हवे आहे.

प्रतिसाद : खर्ज

मखमलाबादकर, तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध आहे. 'ट्राउट मास्क रेप्लिका'मधील वादन आयत्या वेळी सुचलेले नाही. बीफहार्ट पियानोवर, जो त्याला रीतसर वाजवता येत नव्हता, सुचेल ते तुकडे वाजवत असे. ड्रमवादक जॉन फ्रेंच ते तुकडे लिहून घेत असे आणि एकेका वादकाला बसवून देत असे. कित्येक महिने एकाच घरात राहून वादकांनी ही तालीम केली आणि मग स्टुडिओत गेल्यावर बहुतेक वाद्यांचे ध्वनिमुद्रण काही तासांतच उरकले. ते बसवलेले होते, म्हणूनच उरकले. गाणारा वेगळाच चालल्यासारखा वाटतो याचे कारणही ठाऊक आहे. आपला आवाज नंतर चढवताना बीफहार्टने हेडफोन घालायला नकार दिला आणि काचेपलीकडून जेवढे पुसट ऐकू येईल तेवढ्याच आधारावर तो गायला. निर्माता फ्रँक झापा याने ते तसेच ठेवले. त्यामुळे तुमच्या कानाने जे टिपले ते बरोबर टिपले आहे. ते त्या ध्वनिमुद्रिकेत खरोखरच आहे.

तरीही मी म्हणेन की सुरुवातीला हा अल्बम ऐकू नये. याद्या करणाऱ्यांना सर्वांत अवघड वस्तू सर्वांत वर ठेवण्याची हौस असते, आणि नवा श्रोता तिथेच अडखळून परत फिरतो. (मला तर अशी शंका येते की त्या याद्यांमधले निम्मे अल्बम यादी करणाऱ्यांनीही पुन्हा कधी ऐकलेले नसतात.)

आता कान लावण्याबद्दल. माझा अनुभव असा आहे की रॉकमधला कोणताही चांगला प्रयोग सगळेच एकदम मोडत नाही. काहीतरी एक स्थिर ठेवलेले असते, कधी एक सूर, कधी एक ठेका, कधी केवळ आवाजाचा एक पोत, आणि बाकीचे त्याच्याभोवती हलते. ते स्थिर काय आहे, हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत शोधावे आणि कान तिथे ठेवावा. ज्याला तानपुऱ्यावर कान ठेवून आलाप ऐकायची सवय आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

उदाहरणादाखल 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या अमेरिकी गटाच्या १९६७ सालच्या पहिल्या अल्बममधले 'हेरॉइन' घ्या. सगळे गाणे दोनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोनच जुळण्यांवर, उभे आहे. जॉन केल व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या भावंडावर, एक लांब सूर धरून बसतो. ड्रमवर बसलेली मो टकर, बसलेली म्हणजे खरे तर उभी, कारण ती उभ्यानेच, आडव्या ठेवलेल्या मोठ्या ड्रमवर गोळ्याच्या काठ्यांनी वाजवत असे, ती लय हळूहळू चढवते, परत खाली आणते, पुन्हा चढवते. लय बदलते, गायकाचा भाव बदलतो, शेवटी शेवटी व्हायोला अक्षरशः किंचाळतो, पण खालचा सूर सुटत नाही. पहिल्यांदा ऐकताना फक्त तो व्हायोला ऐका, शब्दांकडे लक्ष नाही दिले तरी चालेल.

हा सूर धरण्याचा प्रकार केल तिथे कुठून घेऊन आला, तेही तुम्हाला रुचेल. त्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकारांच्या मंडळीत वाजवत होता, आणि तिथे एकेक सूर तासन्‌तास धरून ठेवत असत. यंग यांच्यावर अली अकबर खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेचा आणि तिच्यातल्या तानपुऱ्याचा मोठा परिणाम झालेला होता. पुढे १९७० मध्ये ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. केल तोवर तिथून बाहेर पडला होता, तेव्हा 'हेरॉइन'मध्ये किराणा घराणे शोधू नये. पण त्या षड्जाशी आपली ओळख अगदीच नवी नाही, एवढे म्हणता येते.

ठेका स्थिर ठेवणाऱ्यांमध्ये जर्मनीतल्या कोलोनचा 'कॅन' हा गट घ्यावा. यातले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकारांचे विद्यार्थी, तर ड्रमवादक याकी लीबेत्साइट मुक्त जाझमधून आलेला. त्यांच्या १९७१ सालच्या 'तागो मागो'मध्ये 'हॅलेलुवा' नावाची सुमारे साडेअठरा मिनिटांची रचना आहे. तीत लीबेत्साइट एकच ठेका जवळजवळ न बदलता वाजवतो, आणि त्याच्यावर गिटार, कीबोर्ड, दामो सुझुकीचे पुटपुटणे हे येत-जात राहते. श्रावणात गंगापूर रस्त्याच्या बाजूला ढोल पथकांचा सराव चालतो, तेव्हा एकाच हातावर, म्हणजे एकाच ठेक्यावर, अर्धा तास चाललेले वादन आपण कंटाळा न येता ऐकतो. तेव्हा एकसुरीपणाची तक्रार करणारा नाशिककर मला अजून भेटायचा आहे. 'कॅन'च्या रचना घडण्याची रीत मात्र वेगळी आहे. हे लोक तासन्‌तास एकत्र वाजवीत, सगळे टेपवर घेत, आणि मग चुकाय त्या टेपा कापून-जोडून रचना करीत असे. ऐकताना मध्येच एखादा आवाज तुटल्यासारखा वाटला तर तिथे बहुधा कात्री लागलेली असते.

प्रतिसाद : सातपूर दुसरी पाळी

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात सूर आणि लय यांचाच विचार आहे. काही गटांनी वाद्येच बदलली, त्यांचे काय?

मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे पॉवर प्रेस चालू असताना प्रत्येक यंत्राचा ठोका वेगळ्या गतीने पडत असतो, आणि पाळीभर तिथे उभे राहिल्यावर हे ठोके कधी एकत्र येतात आणि कधी फाकतात ते आपोआप कळू लागते. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, बोथट झाला की आवाज आधी बदलतो, माल नंतर खराब होतो. जुना ऑपरेटर पाठमोरा असला तरी मान वळवतो. त्यामुळे १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेला 'आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' हा गट पत्रे, ड्रिल मशीन, स्प्रिंगा आणि बांधकामावरचे भंगार वाजवतो असे वाचले तेव्हा, घरी गेल्यावरही हेच ऐकायचे काय, अशी माझी पहिली प्रतिक्रिया होती.

त्यांचा १९८१ सालचा 'कोलाप्स' मला आजही सलग ऐकवत नाही आणि तो ऐकलाच पाहिजे असे मी कोणाला सांगणार नाही. परंतु १९८५ सालचा 'हाल्बर मेन्श' अवश्य ऐका. त्याच नावाच्या रचनेत पत्रा नाही आणि ड्रिलही नाही, जवळजवळ केवळ माणसांचे आवाज आहेत, समूहाने म्हटलेले, एकावर एक रचलेले. ज्यांनी लोखंड वाजवले त्यांनाच माणसाचा आवाज इतका मोकळा कसा सोडता आला, याचे मला फार नवल वाटते. पुढच्या रचनांमध्ये लोखंड येते तेव्हा ते मोजून-मापून येते आणि दोन आघातांच्या मध्ये पुष्कळ जागा सोडलेली असते. शॉपमध्ये ती जागा कधीच मिळत नाही. फरक पडतो तो तिथे.

प्रतिसाद : जुना कॅसेटवाला

मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. आपल्याकडे हल्ली एखादी गोष्ट कळली नाही की दोष श्रोत्याचाच, असे धरून चालतात. प्रयोग म्हटला की तो फसूही शकतो, आणि फसलेला प्रयोग पाच वेळा ऐकला म्हणून सुधारत नाही. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'चा गायक लू रीड याने १९७५ मध्ये 'मेटल मशीन म्युझिक' नावाचा दुहेरी अल्बम काढला. त्यात गाणे नाही, लय नाही, केवळ गिटारच्या फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारी, करकर आहे, आणि अनेक ग्राहकांनी तो दुकानात परत नेऊन दिला. आज त्याला थोर म्हणणारे लोक आहेत, असोत. मला तो कंटाळवाणा वाटतो आणि असे म्हणण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. मखमलाबादकरांनाही 'ट्राउट मास्क' कायमचा नावडता ठेवण्याचा अधिकार आहे.

आमच्या वेळी 'पंचवटी' एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठायची, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये अर्धा दिवस काढायचा आणि हातात जे पडेल ते घेऊन परतायचे, असा क्रम होता. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. पैसे मोजलेले असल्यामुळे नावडलेली कॅसेटही पुन्हा पुन्हा ऐकली जाई, एवढा एक फायदा त्यात होता. आता तीस सेकंदांत गाणे बदलता येते, म्हणून एकच नियम सुचवतो की लांब रचना ऐकायला घेतली तर ती एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

आणि प्रयोग म्हणजे कर्कशपणाच, हा समजही काढून टाका. 'टॉक टॉक' हा इंग्लंडमधला गट आधी सिंथेसायझरवर चटपटीत लोकप्रिय गाणी करणारा होता. त्यांनी १९८८ मध्ये 'स्पिरिट ऑफ ईडन' काढला. अंधारलेल्या स्टुडिओत अनेक वादकांना बोलावून मनाला येईल ते वाजवून घेतले आणि त्यातले फार थोडे ठेवून बाकीचे गाळून टाकले. पहिली रचना तर सुरू झाली आहे की नाही असेच वाटत राहते. एक ट्रम्पेट येतो, थांबतो, मग बराच वेळ फारसे काही घडत नाही. रात्री जेवणानंतर, घर झोपल्यावर, हलक्या आवाजात हा लावून पाहा.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. 'हेरॉइन' सांगितल्याप्रमाणे केवळ व्हायोलावर लक्ष ठेवून ऐकले आणि पहिल्यांदा संपूर्ण गाणे एकसंध वाटले. 'हॅलेलुवा' आवडली, पण ती कामावर जाताना बसमध्ये अधिक आवडली, घरात कमी; असे का ते सांगता येत नाही.

मधल्या काळात एका मित्राने किंग क्रिम्सन या गटाच्या १९७४ सालच्या 'रेड' अल्बममधील 'स्टारलेस' ऐकवले. सुरुवातीची चाल अत्यंत सुरेल आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नंतर मात्र गाणे थांबून बास गिटारचा एक तुकडा सुरू होतो आणि त्याची मोजणी मला काही केल्या लागत नाही. बारा धरले तर एक उरतो. खर्ज यांनी म्हटलेली स्थिर वस्तू इथे कोणती मानायची?

खर्ज

एक उरतो, कारण तो १३ चा हिशेब आहे. आपल्याकडे जयतालाला १३ मात्रा आहेत, पण तो क्वचितच कानावर पडतो, म्हणून अंगवळणी नाही. मोजू नका. जॉन वेटनच्या बासचा तो तुकडा गुणगुणता येईपर्यंत ऐका, त्याच्या पहिल्या सुराला सम समजा आणि प्रत्येक वेळी फक्त तिथे मांडीवर एक टाळी द्या. थोड्या वेळात टाळी आपोआप जागेवर पडू लागेल.

टाळी बसल्यावर रॉबर्ट फ्रिपच्या गिटारकडे वळा. तो एकच सूर वाजवत राहतो, मग थोडा वर सरकतो, पुन्हा तोच एक सूर धरतो, आणि असे काही मिनिटे चालते. ड्रमवादक बिल ब्रुफर्ड सुरुवातीला जेमतेम टकटक करतो आणि हळूहळू भर घालत जातो. सगळे इतके ताणले जाते की आता काहीतरी तुटणार असे वाटते, आणि नवव्या मिनिटानंतर सर्व वाद्ये एकदम धावत सुटतात. तिथे बहुतेकांना ताल बदलला असे वाटते. तो बदललेला नाही. ती त्याच १३ ची दुगुन, म्हणजे दुप्पट गती, आहे. तुमच्यासारख्याला दुगुन ओळखायला वेळ लागू नये. अखेरीस सुरुवातीची सुरेल चाल परत येते, या वेळी सॅक्सोफोनवर.

हे जमले की त्याच गटाच्या १९८१ सालच्या 'डिसिप्लिन'मधील 'फ्रेम बाय फ्रेम' घ्या. तिथे फ्रिप आणि एड्रियन बिल्यू यांच्या गिटारी सातच्या चालीत एकच नक्षी वाजवत असतात, १४ सुरांची. मग एक गिटार शेवटचा सूर सोडून देते आणि १३ वर येते. दोन्ही एकमेकींपासून एकेक सुराने दूर होत जातात आणि फिरून एका जागी येऊन मिळतात. हेडफोन लावून एक कान एका गिटारीला द्या, दुसरा दुसरीला, आणि त्या कुठे मिळतात ते इथे येऊन सांगा.