बीन-टू-कप यंत्रातली एस्प्रेसो पाणचट का लागते?

प्रश्न : कॉफीचे दाणे दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सारे स्वतःच करणारे यंत्र आम्ही घरी घेतले आहे. चिकमगळूरचे ताजे भाजलेले अरेबिका दाणे वापरूनही एस्प्रेसो आंबट व पाणचट लागते आणि धार १२ सेकंदांतच संपते. नेमके काय बदलावे?

प्रतिसाद १ : ही दोन्ही लक्षणे दळण जाड असल्याची आहेत. दळणाची कळ एक घर बारीककडे न्यावी, पण चक्की फिरत असतानाच, कारण बंद चक्कीत पात्यांमध्ये दाणे अडकलेले असतात आणि जोर केल्यास तिच्यावर ताण येतो. आधीची पूड आत उरत असल्याने फरक दोन-तीन कपांनंतरच कळेल. धार २५ ते ३० सेकंदांवर आली की थांबावे.

प्रतिसाद २ : सोबत कपाचे मापही तपासा. ९ ग्रॅम पुडीतून साधारण १८ ते २० ग्रॅम एस्प्रेसो घ्यावी; तेवढ्याच पुडीतून यंत्र ६० मिली काढत असेल, तर दळण कितीही सुधारले तरी चव पातळच राहणार.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. दुकानदार काळपट, तेलाने चमकणारे दाणे सुचवतो. ते चालतील का?

प्रतिसाद १ : शक्यतो टाळा. ते तेल चक्कीत चिकटून बसते आणि दाणे खाली सरकत नाहीत. मध्यम भाजलेले घ्या. फिल्टर कॉफीची चिकोरीमिश्रित पूड तर, आपल्याला कितीही प्रिय असली तरी, या यंत्रात घालूच नये.