पायरेट्स: चँडलरला मुख्य संघात आत्ता आणायचं की अजून थांबायचं?

तीन नद्यांकाठी

रविवारी, १८ मे २०२५ला, फिलाडेल्फियात आपल्या पायरेट्सच्या, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाच्या, पॉल स्कीन्स या पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) आठ इनिंग एकट्याने टाकल्या. तीन हिट, एक धाव. यजमान पुढे असल्याने त्यांची नववी पाळी झालीच नाही, त्यामुळे हा त्याच्या कारकिर्दीतला पहिला पूर्ण सामना ठरला. आणि तो आपण ०-१ हरलो. टीव्ही बंद करून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

यंदाची सुरुवातच तशी झाली. मायामीत पहिल्या चार सामन्यांपैकी तीन अगदी शेवटच्या क्षणी गेले. ८ मेला १२ विजय, २६ पराभव अशा अवस्थेत मॅनेजर डेरेक शेल्टन यांना काढलं आणि डॉन केली आले. केली इथलेच, पिट्सबर्गच्या परिसरातले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण संघ तोच आहे. आणि तिकडे ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या एकच पायरी खाली, इंडियानापोलिसला, २२ वर्षांचा पिचर बबा चँडलर ताशी १०० मैलांच्या आसपास फेकतोय, तो अजून तिथेच!

माझं स्पष्ट मत आहे, त्याला आत्ता आणा. मोसमात १७२ दिवस वरच्या संघात काढले की खेळाडूचं एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं भरली की तो कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा होतो. म्हणून ते वर्ष भरू नये यासाठी क्लब चांगल्या पोरांना मुद्दाम काही आठवडे खाली ठेवतात. स्कीन्सलाही गेल्या वर्षी ११ मेपर्यंत थांबवलं होतं. तो रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, म्हणून नियमाने त्याला पूर्ण वर्ष मिळालं. आता तो २०२९च्या मोसमानंतर मोकळा होईल. म्हणजे यंदाचा धरून आपल्या हातात पाच मोसम, आणि त्यातला पहिला डोळ्यांदेखत वाया चाललाय.

जुना पेसर

असहमत. मी कॉलेजात वेगवान गोलंदाज होतो आणि खांद्यामुळेच सोडलं, त्यामुळे हे जरा मनाला लागतं.

आपल्या पिचर जॅरेड जोन्सचं काय झालं ते याच आठवड्यात पाहिलंत ना? कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, यंदाचा मोसम संपला. तोही असाच तरणाबांड, तसाच वेगवान. गेल्या वर्षी पदार्पण केलं आणि त्याच मोसमात पाठीच्या बाजूचा स्नायू दुखावून दोनेक महिने बाहेर बसला. आपल्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाची पाठ जाते. ऑस्ट्रेलियात बुमराहने दीडशेच्या वर षटकं टाकली आणि सिडनीत पाठ धरली, चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली. पिचर हात वाकवून पूर्ण जोराने फेकतो, तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. एकदा तिथे फाटलं की वर्षभर विसरा.

शिवाय चँडलर अजून वॉक (चार चुकीच्या फेकींवर बॅटरला फुकट मिळणारा बेस) फार देतो. वेग आहे, ताबा यायचाय. ताबा शिकायची जागा खालीच असते.

बॅट कुठंय

तुम्ही दोघंही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताय. स्कीन्सने एक धाव दिली तरी आपण हरतो, तर चँडलर आल्याने काय होणार? त्याने शून्य दिली तरच बरोबरी! फलंदाजी नावाची गोष्टच नाही आपल्याकडे. होमरन नाहीत, दोन जण बेसवर असताना तिसरा हटकून बाद.

पिचर हीच आपली शिल्लक आहे. त्यातला एखादा द्या आणि खराखुरा बॅटर आणा.

तीन नद्यांकाठी

@बॅट कुठंय, पिचर देण्याचं नाव काढू नका हो. पिचर गेरिट कोल म्हणजे २०११च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या निवडीतली) पहिली निवड, जानेवारी २०१८मध्ये त्याला ह्यूस्टनला दिलं. त्याच वर्षी जुलैतल्या सौद्यात ख्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ टँपाला गेले. कोलने पुढे २०२३ला यँकीजकडून साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकला. २०१५नंतर आपण प्लेऑफ पाहिलेला नाही. पोरं इथे घडवायची आणि दुसऱ्यांनी नाचायचं, हे किती वर्षं चालायचं?

@जुना पेसर, तुमचा कोपराचा मुद्दा मान्य. पण कोपराला इंडियानापोलिस आणि पिट्सबर्ग यातला फरक कळत नाही. तिथेही तो १०० मैलांनीच फेकतोय. हातात मोजक्याच फेकी असतील तर त्या मोठ्या फलंदाजांना टाकू द्या की.

कोथरूडहून

मी इथूनच बघतो, उजाडताना. तुमचा सातचा सामना म्हणजे माझे पहाटेचे साडेचार. २००८मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनी करारबद्ध केलं तेव्हापासून हा संघ माझा. ते दोघं वरच्या संघापर्यंत पोचले नाहीत, पण मी अडकलो तो अडकलोच.

मला क्लबच्या हेतूचीच शंका येते. ज्यांनी एप्रिलमध्ये मैदानाच्या उजव्या भिंतीवरचा, आपल्या जुन्या महान खेळाडूचा, रोबर्टो क्लेमेंटेचा २१ आकडा झाकून तिथे जाहिरात लावली, ते चँडलरला ‘तयार नाही’ म्हणतात तेव्हा विश्वास कसा ठेवायचा? भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेलेला माणूस तो. त्याच्या आकड्याच्या सन्मानार्थ ती भिंत २१ फूट उंच बांधली आहे. लोक चिडले तेव्हा आकडा परत आला. घरच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षक ‘संघ विका’ म्हणून ओरडले, ते उगाच नाही.

जुना पेसर

मालकांवर माझाही विश्वास नाही. पण मालकांवरचा राग त्या पोराच्या हातावर काढू नये, एवढंच म्हणतोय.

चार इनिंगची मर्यादा घालून, सुरुवातीला बुलपेनमधून (सामन्याच्या मध्येच येणारा राखीव पिचर म्हणून) आणणार असाल तर माझी हरकत नाही. दर पाच दिवसांनी सहा-सहा इनिंग मात्र नकोत.

तीन नद्यांकाठी

चार तर चार. मी त्यालाही तयार आहे.

बॅट कुठंय

आणि पाचव्या इनिंगपासून धावा कोण काढणार? मी माझ्या मतावर ठाम आहे.

तीन नद्यांकाठी

शुक्रवारी मिलवॉकीविरुद्ध स्कीन्सची पाळी आहे, घरच्या मैदानावर. क्लेमेंटे पुलावरून चालत जाणार आहे, लेकीला घेऊन. तिच्यासाठी स्कीन्सचा ३० नंबरचा शर्ट आणलाय. पेसर, तुम्ही ओहायोहून येत असाल तर सांगा, एक तिकीट जास्तीचं काढतो.