स्ट्रॉबेरीवर लाल कोळी, पण पानाखाली पळणारे नारिंगी जीव कोणते?

भिलारचा शेतकरी
राम राम. वीस गुंठे विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी आहे, गादीवाफे, मल्चिंग, ठिबक. फेब्रुवारी सरता सरता पानांवर पांढरे टिपके आले, पाठीमागे जाळी. लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. दुकानात सांगितलं म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉईड हे कीटकनाशक मारलं. चार दिवस बरं वाटलं, मग कोळी दुप्पट. काल मुलाच्या भिंगातून पाहिलं तर कोळ्यांमध्ये दोन-तीन चकचकीत नारिंगी जीव, भराभर पळणारे. ही नवी कीड का? सकाळी फवारायचं आहे, पंप भरायच्या आत सांगा.

मेटगुताड
वाट पाहू नका, औषध बदलून मारा. मागच्या साली माझा अर्धा प्लॉट वाळला.

वाईची ताई
दादा, पंप भरू नका. ते नारिंगी तुमचे राखणदार आहेत, किडीच्या कोळ्याला खाणारे परभक्षी कोळी. मी बारा वर्षं स्ट्रॉबेरी करते. पहिली चार वर्षं मीही यांना मारलं, त्याची हळहळ अजून जात नाही.

आधी ओळख पक्की करा. पिकावरचा कोळी, नाव लाल असलं तरी, पिवळट-हिरवा, पाठीवर दोन काळे डाग, फारसा हलत नाही. थंडीत त्याच्याही माद्या केशरी होतात, म्हणून रंगावर जाऊ नका, चाल बघा. राखणदाराला डोळे नसतात, लांब पुढचे पाय चाचपत तो पळतो. कोळ्याचं अंडं गोल, याचं लांबट आणि जवळजवळ दुप्पट. एकदा मी एकाच्या मागे भिंग धरून बसले होते. जाळ्यात शिरला, अंड्यावर थांबला, आणि टम्म अंड्याची बघता बघता चुरगळलेली साल उरली.

पायरेथ्रॉईडनं हेच आधी मेले. कोळी जाळ्याआड वाचला आणि त्याला खाणारं कोणी उरलं नाही. जे दोन-तीन दिसले ते मोलाचे आहेत.

वेगवेगळ्या वाफ्यांतली वीस पानं बघा. दहा कोळ्यांमागे एक राखणदार असेल तर मी हात लावत नाही. कमी असतील तर राखणदार असलेली पानं खुडून जाळी दाट असलेल्या रोपांवर ठेवते. पान सुकलं की ते उतरतात. कोरडी, तापलेली हवा त्यांना सोसत नाही, म्हणून पाण्याचा ताण देऊ नका.

भिलारचा शेतकरी
ताई, वीस पानं पाहिली. अकरांवर राखणदार आहेत, लांबट अंडीही दिसली. रस्त्याकडच्या दोन वाफ्यांत मात्र एकही नाही, आणि जाळी तिथेच जास्त.

वाईची ताई
रस्त्याची धूळ. धुळीत कोळी फावतो, राखणदार टिकत नाहीत. आधी ती पानं पाण्यानं धुवा, मग ऊन उतरल्यावर आतल्या वाफ्यांतली पानं तिकडे ठेवा. आठवड्यानं परत वीस पानं मोजून इथे लिहा, मी वाट बघते.