दोन वैरी पेपर, एकच गल्ला: यात पेपर वाचतो की मालक?

भोंगा_जुना:
अमेरिकेत एक भानगड होती, जॉइंट ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट उर्फ जेओए. एकाच शहरातले दोन कट्टर विरोधी पेपर जाहिरात, छपाई, वितरण, वसुली सगळं एकत्र करणार, नफा ठरलेल्या हिश्शाने वाटून घेणार, फक्त बातमीदार आणि संपादक तेवढे वेगळे. चूल एक, ताटं वेगळी. १९३३ मधे अल्बुकर्कला सुरुवात झाली. १९६९ ला टूसॉनच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मिळून दर ठरवणं आणि नफा एका गल्ल्यात टाकणं बेकायदा आहे, तर मालक लोक धावत दिल्लीला, म्हणजे वॉशिंग्टनला, आणि १९७० मधे न्यूजपेपर प्रिझर्वेशन अ‍ॅक्ट पास. सूटच मिळाली. गंमत म्हणजे निक्सन सरकारचा आधी याला विरोध होता, मग अनेक पेपरांची मालक असलेल्या हर्स्ट कंपनीच्या रिचर्ड बर्लिन यांचं निक्सनला पत्र गेलं आणि सरकारचं मत बदललं. जे पेपर दुसऱ्यांच्या साटंलोट्याच्या बातम्या छापतात त्यांनी स्वतःसाठी हे केलं. माझं मत स्पष्ट आहे, याने पेपर नाही वाचत, मालक वाचतात. बोला.

आडवा_मजकूर:
भोंगाशेठ तुम्ही अर्धंच सांगितलं. पर्याय काय होता ते सांगा ना. शहरात दोन पेपर, जाहिरातदार मोठ्या खपाच्या पेपरकडे पळतो, त्याचा खप अजून वाढतो, धाकटा मरतो. हे चक्र थांबवायला छपाई-वितरणाचा खर्च वाटून घेतला तर बिघडलं कुठे? बातमीदार दोन्हीकडचे एकमेकांच्या उरावर बसायला मोकळेच आहेत की. एकाच्या मशीनवर दुसऱ्याचा पेपर छापणं आपल्याकडेही नवीन नाही, कोणी बोंब मारत नाही.

भोंगा_जुना:
दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन छापून घेणं वेगळं आणि जाहिरातीचा दर एकत्र ठरवणं वेगळं, आडवाशेठ मुद्दाम मिसळताय. गावातला साडीवाला आधी एकाला सांगायचा की तो समोरचा कमी घेतोय, तू बघ. आता समोरचा कोण? तोच माणूस, तेच रेटकार्ड.

जाहिरात_खातं_रिटायर्ड:
जिल्ह्याच्या एका मराठी पेपरात २६ वर्षं जाहिरात विकली म्हणून लिहितो. साडीवाल्याचं उदाहरण बरोबर, फक्त उलटं. आमच्याकडे दोन पेपर एकमेकांचे दर इतके पाडायचे की दिवाळीत पान जवळजवळ फुकट जायचं, आणि मग जानेवारीत कात्री कुणाला? वार्ताहराच्या मानधनाला. मालकाच्या गाडीला नाही. तेव्हा कोणी आम्हाला एकत्र बसवलं असतं तर चार पोरं टिकली असती. दर पाडण्याची स्पर्धा म्हणजे वाचकाचं भलं असं समजू नका.

पेपरवाल्याचा_पोर:
आपल्याकडे वितरण आधीपासूनच एकत्र आहे हे कोणाच्या लक्षात येतंय का 😄 माझे वडील पहाटे साडेतीनला स्टेशनबाहेर फुटपाथवर बसून सगळ्या पेपरांच्या पुरवण्या घालायचे, एकाच सायकलवर सगळे वैरी, एकाच बिलात सगळ्यांचा हिशोब. अमेरिकेत प्रत्येक पेपरचे ट्रक वेगळे पोरं वेगळी, त्यामुळे तिथे एकत्र येण्यात एवढी बचत दिसते. आपल्याकडे तो खर्च विक्रेत्याच्या कमिशनवर आणि गुडघ्यांवर आधीच टाकलेला आहे.

भोंगा_जुना:
पोरा, तुझा मुद्दा सगळ्यात भारी. पण आता डेट्रॉईट ऐका. फ्री प्रेस आणि न्यूज, दोघांनी वर्षानुवर्षं किंमत पाडून तोटा केला आणि मग म्हणाले आम्हाला एकत्र यायची परवानगी द्या, फ्री प्रेस मरायला टेकलाय. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाने सांगितलं नका देऊ. तरी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे तिथले कायदामंत्री, एडविन मीज यांनी १९८८ मधे दिली, सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली म्हणून ती टिकली. म्हणजे आधी स्वतः विहिरीत उडी मारायची आणि मग दोर मागायचा.

अनघा_मिशिगन:
मी १९९३ पासून डेट्रॉईटजवळ राहते म्हणून राहवलं नाही. १९९५ चा संप आठवतो, सहा युनियन, अडीच हजाराच्या आसपास माणसं, आणि दोन्ही पेपरांचा धंदा एकच असल्यामुळे दोन्ही एकदम अडकले. धंदा वेगळा असता तर एकाच्या संपात लोकांनी दुसरा घेतला असता, आता दुसरा उरलाच नव्हता. हे भोंगादादांच्या बाजूचं. पण दुसरी बाजू ऐका, २००८ मधे महापौर क्वामे किलपॅट्रिकची कोर्टातली खोटी साक्ष उघडी पाडणारे मोबाईल मेसेज बाहेर काढले ते याच फ्री प्रेसने, त्या बातमीदारीला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि महापौर तुरुंगात गेले. १९८८ मधे ज्याला "मरायला टेकलेला" म्हणत होते तोच पेपर! बंद पडला असता तर?

आडवा_मजकूर:
घ्या! अनघाताईंना माझ्यातर्फे चहा.

भोंगा_जुना:
मान्य, डेट्रॉईटला ते झालं. पण बाकीची यादी काढा. सिनसिनाटी पोस्ट, करार संपला ३१ डिसेंबर २००७ ला, पेपर त्याच दिवशी बंद. डेन्व्हरचा रॉकी माउंटन न्यूज, २००१ ला करार, फेब्रुवारी २००९ मधे बंद, दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. सिएटलचे दोन तर करारात राहून एकमेकांविरुद्ध कोर्टात, शेवटी पोस्ट-इंटेलिजन्सरची छापील आवृत्ती मार्च २००९ ला गेली. आणि मायामीत पेपर १९८८ ला बंद झाला तरी त्याच्या मालकाला समोरच्याच्या नफ्यातला हिस्सा पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिला! मेलेल्या म्हशीचं दूध. आता सांगा कोण वाचलं.

जाहिरात_खातं_रिटायर्ड:
सिनसिनाटीचा करार १९७७ चा, म्हणजे तीसेक वर्षं मिळाली. तीस वर्षांत एक बातमीदार लागतो, रिटायर होतो, त्याची पोरं शिकतात. तुम्ही शेवटची तारीख मोजताय, मी मधले पगार मोजतोय.

पेपरवाल्याचा_पोर:
आणि २००९ ला जे गेले ते करारामुळे गेले की छोट्या जाहिराती नेटवर गेल्या म्हणून, ते पण बघा ना दादा. दोन बुडते एकमेकांना धरून बसले तर पाणी उतरत नाही. दिल्लीत टाइम्स आणि हिंदुस्तान टाइम्सने मिळून २००७ ला मेट्रो नाऊ काढला होता, दोघं एवढे मोठे, तरी दोन वर्षांत गुंडाळला.

भोंगा_जुना:
मधल्या पगारांवर माझ्याकडे उत्तर नाही रिटायर्डसाहेब, खरंच नाही. फक्त तो हिशोब मालकाने कायदा मागताना सांगितला असता तर बरं झालं असतं, त्याने "लोकशाहीसाठी" सांगितलं.

अनघा_मिशिगन:
२००९ मधे डेट्रॉईटच्या दोन्ही पेपरांनी घरी पेपर टाकणंच कमी केलं, आठवड्यातले दोन-तीन दिवस फक्त. आमच्या शेजारच्या आजी सोमवारी पण सवयीने दार उघडून बघायच्या.