मदत हवी आहे: जुन्या लोखंडी पाईपसाठी खडबडीतपणाचा आकडा कोणता धरावा?

वेदगंगाकाठ: निपाणी भागात वेदगंगेवरून उसाला पाणी नेणाऱ्या आमच्या सामाईक पाईपलाईनचे पाणी घटले आहे. पंप तपासून झाला. मूडी यांच्या आलेखावरून (पाईपमधील घर्षण काढण्याचा तक्ता) पोलादाचा 0.045 मि.मी. खडबडीतपणा, म्हणजे आतल्या उंचवट्यांची उंची, धरून काढलेला घर्षणाचा तोटा (पाण्याच्या दाबातील घट, मीटर उंचीत) प्रत्यक्षाच्या निम्माच येतो. योग्य आकडा कृपया लवकर सांगावा, शनिवारी भागीदारांची बैठक आहे.

डावा_कालवा: व्यास, लांबी आणि प्रवाह यांशिवाय तो आलेख वापरताच येत नाही, मग ते आम्हाला का सांगितले नाही?

वेदगंगाकाठ: आतला व्यास 150 मि.मी., लांबी 900 मीटर, प्रवाह सेकंदाला 20 लिटर. चढ वजा जाता तोटा 14 मीटर भरतो, हिशेबाने 7 येतो.

चिकोडीकर: हिशेब सोडा, सरळ पीव्हीसी टाका. आमच्या शिवारात तेच केले.

डावा_कालवा: याच प्रवाहाला आणि व्यासाला पीव्हीसीतही सहा मीटरच्या वरच तोटा येईल. नव्या पोलादाचे उंचवटे भिंतीलगत संथ वाहणाऱ्या पाण्याच्या जेमतेम 0.1 मि.मी. जाडीच्या (श्यान) थरात बहुतांशी झाकलेले राहतात, म्हणून तेथे फरक थोडा दिसतो. गंजाच्या गाठी मात्र तो थर भेदून प्रवाहात भोवरे उठवतात.

चिकोडीकर: नवे पोलाद नवे किती दिवस राहणार? पीव्हीसीला गंज चढत नाही, हे आपण सोयीस्करपणे वगळले.

बांधावरून: हिडकलच्या कालव्यांसाठी मॅनिंगचे (उघड्या कालव्यातील प्रवाहाचे) सूत्र घ्यावे, त्यातला खडबडीतपणाचा गुणांक काँक्रीटच्या अस्तराला साधारण 0.015 आणि मातीला 0.025 धरतात.

डावा_कालवा: कालव्याचे कोणीच विचारलेले नाही. मूळ प्रश्नाबाबत: 14 मीटरवरून उलट हिशेब केल्यास खडबडीतपणा सुमारे 1.2 मि.मी. निघतो. परंतु अभियंता निकुराडसे यांनी 1933 मध्ये मांडलेल्या, पाईपच्या आत चिकटवलेल्या वाळूच्या प्रयोगांवर आधारलेला हा सममूल्य आकडा आहे, गाठींची मोजलेली उंची नव्हे. शिवाय पपडीमुळे व्यास दहा टक्के घटला, तरी त्याच प्रवाहाला तोटा जवळजवळ 1.7 पट होतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. आतला व्यास आपण मोजला आहे, की पाईप घेतानाचा सांगता आहात?

वेदगंगाकाठ: घेतानाचा. पाईप कापायला भागीदार तयार होणार नाहीत.

डावा_कालवा: कापू नका. वळणापासून दूरचा एखादा फ्लँजचा (बोल्टने आवळलेल्या कड्यांचा) जोड उघडून आतून मोजा.