रक्ताचे 'शिंतोडे' की रक्ताचे 'डाग'?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतल्या एका खून खटल्यावरच्या माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. रक्ताच्या खुणा पाहून काय घडलं असेल ते सांगणारे तज्ज्ञ त्यात आहेत. त्यांच्या 'स्पॅटर'ला मी सगळीकडे 'शिंतोडे' लिहिलं होतं. संपादकांनी सरसकट 'डाग' करून पाठवलं. मला 'डाग' फार मिळमिळीत वाटतो. शिवाय या विद्येला 'रक्तडाग आकृतिबंध विश्लेषण' म्हणू का?

उत्तर

ताई, दोन्ही शब्द लागतील, पण एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. मी फौजदारी कोर्टात तीसेक वर्षं कारकुनी केली. पंचनाम्यांत वाक्य ठरलेलं असायचं, 'भिंतीवर रक्ताचे डाग दिसून आले'. रक्तमिश्रित माती एका पुडीत, ताडून बघायला साधी माती दुसऱ्या पुडीत, दोन्ही सीलबंद. तेव्हा ती भाषा मला रुक्ष वाटे. आज तिच्यातलं शहाणपण कळतं. डाग म्हणजे डोळ्यांना जे दिसलं ते. शिंतोडे म्हटलंत की रक्त हवेतून उडत आलं, हेही तुम्ही सांगून टाकलंत.

इंडियाना राज्यात २००० साली एका माजी पोलिसाची बायको आणि दोन मुलं घराच्या गॅरेजमध्ये गोळ्या घालून मारली गेली. तुमचा खटला बहुधा हाच असावा. त्याच्या टी-शर्टवर आठ अगदी बारीक डाग सापडले. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, हे गोळीबाराचे शिंतोडे, म्हणजे हा तेव्हा जवळ उभा होता. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला गाडीतून बाहेर काढताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांना शर्ट घासला, त्याचे हे डाग. त्याला दोनदा दोषी ठरवलं गेलं, दोन्ही निकाल वर रद्द झाले आणि २०१३ साली तिसऱ्या खटल्यात तो सुटला. मधली बहुतेक वर्षं तुरुंगात. आठ ठिपके तेच, दोन्ही बाजूंनी त्यांना दिलेलं नाव तेवढं वेगळं. म्हणून तुमच्या संपादकांचा आग्रह मला अर्धा पटतो. निवेदक बोलत असेल तिथे 'डाग', आणि सरकारी तज्ज्ञ ठामपणे म्हणतो तिथे 'शिंतोडे'च हवं, नाहीतर भांडण कशावरून होतं ते प्रेक्षकाला कळणारच नाही. बचावाच्या बाजूला 'घासून लागलेले डाग' म्हणा.

बाकी आपल्याकडे शब्दांची चणचण नाही. धमनी तुटून उसळते ती चिळकांडी. उभ्या भिंतीवरून खाली येतो तो ओघळ. जमिनीवर साचतं ते थारोळं, आणि त्यातलं रक्त घट्ट होतं त्याला साकळणं म्हणतात. 'गोठणं' तिथे थंडीचं वाटतं. ओल्या रक्तावरून हात किंवा कापड फिरलं की फराटा. हत्यार पुन्हा उगारताना त्यावरून जे थेंब उडतात, त्यांना मी 'झटक्याचे शिंतोडे' म्हणेन, ओले हात झटकल्यावर उडतात तसे. ओहायोतल्या डॉ. सॅम शेपर्ड यांच्यावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता, त्या खटल्यात पॉल कर्क या प्राध्यापकांनी खोलीतले डाग अभ्यासून १९५५ साली प्रतिज्ञापत्र दिलं, की मारेकरी डावखुरा असावा. कोर्टाने तेव्हा ते मानलं नाही. १९६६च्या फेरखटल्यात कर्क साक्षीला उभे राहिले आणि शेपर्ड सुटले.

'आकृतिबंध' नको. सरकारी कानाला त्यात मंजूर पदांची संख्या ऐकू येते. 'रक्ताच्या डागांचा अभ्यास' पुरे.

आणखी एक उत्तर

काकांनी 'सडा' सोडला. वर्तमानपत्रात 'रक्ताचा सडा पडला' वाचून मला राग येतो, सडा ही घराला शोभा आणणारी गोष्ट आहे. पण त्याच सड्यावरून एक शब्द सुचतो. अंगणात सडा टाकल्यावर मध्ये ठेवलेली बादली उचलली की खाली कोरडं वर्तुळ दिसतं. शिंतोडे उडताना मध्ये माणूस किंवा वस्तू असेल तर भिंतीवर अशीच रिकामी जागा राहते आणि तिथे काहीतरी होतं, हे तज्ज्ञाला समजतं. तिला 'कोरी जागा' म्हणावं.

मी बीटचा रस फरशीच्या तुकड्यावर टाकून पाहिला. फरशी सपाट असताना थेंब गोल पडला. ती कलती केल्यावर लांबट झाला आणि शेपूट थेंब जिकडे चालला होता तिकडे निघाली. रुंदी ५ मिलिमीटर आणि लांबी १० असेल तर थेंब ३० अंशांनी आदळला, हे शाळेतलं साइनचं गणित. या लांबट थेंबाला मराठीत काय म्हणावं, ते मात्र मला सुचलेलं नाही.

पहिलं उत्तर देणारे

'शेपटीचा थेंब' म्हणा की! आणि ताई, गणित एवढं नेमकं दिसतं म्हणून निवेदनात 'सिद्ध झालं' लिहू नका. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००९च्या अहवालात या विद्येतली अनिश्चितता प्रचंड असल्याचं स्पष्ट म्हटलंय. थेंबाचा कोन मोजता येतो, पण तो कुणामुळे उडाला हे त्या कोनातून निघत नाही. 'तज्ज्ञांच्या मते' हे दोन शब्द कापू देऊ नका.

प्रश्नकर्ती

काका, खटला तोच आहे. सुरुवात बदलली: 'शर्टावर आठ बारीक डाग होते. तज्ज्ञांच्या मते ते शिंतोडे होते. दुसऱ्या तज्ज्ञांच्या मते नव्हते.'