शाळेच्या खोल्या तापतात: आधी पंखे, सोलर की छत?

एसडीएमसी सदस्य, बेळगाव तालुका:
सरकारी मराठी शाळा, मी तिच्या एसडीएमसीत (शाळेच्या विकास-देखरेख समितीत) आहे. दोन खोल्या स्लॅबच्या, एक पत्र्याची. साधारण 500 चौरस फुटांची एकेक खोली. मार्चमध्ये दुपारी मुलं बसू शकत नाहीत. देणगी मिळतेय, पण देणगीदार सोलर म्हणतात. बाकीचे म्हणतात पंखे बदला. काय करावं?

बांधकामवाला:
सोलर शेवटी. कर्नाटकात सरकारी शाळांना मोफत वीज 1 नोव्हेंबर 2023 ला जाहीर झाली, त्यामुळे बिल वाचवून शाळेच्या हातात फारसं पडणार नाही. अनुदानित खासगी शाळेचा हिशोब वेगळा. तुमचा प्रश्न गरमीचा आहे आणि ती वरून येते, म्हणून आधी छत.

स्लॅबला वरून चुना लावा, पांढरा रंग ऊन परतवतो. खोलीमागे 12-15 किलो विरलेला चुना, किलोला दोन-अडीच लिटर पाणी, वर किलोभर फेविकॉल. रात्रभर भिजवून गाळा. तारेच्या ब्रशने शेवाळ काढा, भेगा भरा, स्लॅब जरा ओला करून दोन पातळ हात द्या. जाड हात पापुद्रे धरतो. पन्हाळीच्या तोंडाशी चुना साचू देऊ नका, नाहीतर पहिल्या पावसात गच्चीवर तळं. आणि हे काम मुलांना लावू नका, चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

बहुतेकजण चुकतात ते वेळेत. मे महिन्याच्या सुट्टीत लावलेला चुना चार महिन्यांच्या पावसात धुऊन जातो आणि मार्चला स्लॅब परत काळा. जानेवारी-फेब्रुवारीत लावा.

जांबोटी रोड:
आमच्या खानापूर भागात चुना दरवर्षी लावावाच लागतो. त्यापेक्षा पांढरं इलॅस्टोमेरिक कोटिंग (रबरासारखा ताणणारा गच्चीचा रंग) परवडतं, दोन हातांना लिटरमागे 25-30 चौरस फूट धरा. पण ओल असलेल्या स्लॅबवर लावलं की फुगतं. अथणीकडे पाऊस कमी, तिथं चुना टिकतो की, पण धुळीनं मळतो, उन्हाळ्याआधी धुवायचा.

पत्र्याच्या खोलीला खालून अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल लावा, पण पत्र्याला चिकटवून नको. मध्ये किमान इंचभर पोकळी ठेवा, तीच नसेल तर फॉइलचा उपयोग शून्य. दोन्ही बाजूंनी चकाकणारं घ्या, वर धूळ बसली तरी खालची बाजू काम करते. वळचणीला आणि आढ्याला हवा जायला वाट ठेवा. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून घासू नका, भोकं पाडू नका.

वायरमन:
पंख्याचं सांगतो. जुना 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) 30 च्या आसपास. खोलीत चार धरले तर 300 वॅटऐवजी 120. खरा फायदा लाईट गेल्यावर: 150 एएचच्या (अँपिअर-अवर) इन्व्हर्टर बॅटरीवर चार बीएलडीसी आणि दोन एलईडी ट्यूब सहा-सात तास चालतात, जुने पंखे जेमतेम निम्मा वेळ. जुना रेग्युलेटर काढून थेट जोडा, नाहीतर पंखा गुरगुरतो किंवा त्याचा बोर्ड जातो. भिंतीच्या बटणावर वेग बदलणारा घ्या, शाळेत रिमोट आठवडाभर टिकत नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली पंखा गरम हवाच खाली ढकलतो, म्हणून छत झाल्यावरच.

बांधकामवाला:
राहिलं एक. कबुतरांमुळे बुजवलेले वरचे झरोके उघडा, जाळी मारा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या; आतला पडदा ऊन अडवतो, पण ते आत शिरल्यावर. उद्या सोलर घेतलंच तर स्टँडचे बोल्ट गच्चीत घालण्याआधी वॉटरप्रूफिंग, आणि काम काढण्याआधी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला लेखी कळवा.

एसडीएमसी सदस्य, बेळगाव तालुका:
देणगीदारांना हेच दाखवतो. पत्रा सिमेंटचाच आहे, त्याला मग वरून चुना चालेल का?

जांबोटी रोड:
चालेल, पण न घासता. पाण्याचा हलका फवारा मारून धूळ बसवा आणि पंपाने मारा. त्यावर कुणाला चढवू नका, तो पत्रा माणसाचं वजन घेत नाही.